पार्सलाचें गणित

एका आईनें वसतिगृहांतील मुलास लोकरीचे कपडे पाठविले. खोक्यासह वजन दोन किलो; कुरिअरवाल्यानें भाडें मात्र सहा किलोंचें घेतलें! ही लबाडी नव्हे. विमानांत वा मोटारींत पार्सलामुळें जागाही अडते. म्हणून लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटिमीटरांचा गुणाकार बहुधा ५००० नें भागतात. येणारें घनफळी वजन आणि खरें वजन यांपैकीं जें अधिक, त्यावर भाडें आकारतात. ४०×३०×२५ च्या खोक्याचें हें वजन सहा किलो भरतें. तेच कपडे घट्ट घडी करून ३०×२०×१५ च्या खोक्यांत बसविले, तर १.८ किलो, मग भाडें दोनच किलोंचें. कांचसामानाभोवतीं मात्र भुसा-कागदापुरती जागा सोडावीच. तेथें काटकसर महाग पडते. इतरत्र रिकाम्या जागेचें भाडें कां भरावें? तोच पैसा मुलाच्या पुस्तकास उपयोगीं पडेल.