फिनेलच्या वासावर जाऊ नकोस

चि. सोनू,


खापरला बिऱ्हाड थाटल्यापासून दिवसातून दोनदा फिनेल टाकून फरशी पुसतेस, तरी बाळाला पुन्हा जुलाब झाले, असं फोनवर म्हणालीस. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यालगतचं घर, धूळ यायचीच. ती रोज काढ, पण जुलाब धुळीने होत नाहीत गं. ते हातांतून, पाण्यातून आणि माशीच्या पायांतून येतात. इतकी वर्षं नर्स म्हणून घरोघर फिरले. चकचकीत फरशी आणि शेजारीच माठात बुडवलेला पेला, हे चित्र कितीतरी घरांत पाहिलं.

ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. पण पाणी घरात साठवलं की त्यातलं क्लोरीन हळूहळू उडून जातं. मग बोटं बुडाली की त्या पाण्याला कुणी राखणदार नसतो. माठाला तोटी बसव, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेव. बाळाचं पाणी मात्र उकळूनच दे.

ओट्यावरच्या ओल्या फडक्याचा मला फार राग आहे. त्यानेच ओटा पुसायचा, त्यानेच ताट आणि घाईत त्यानेच लेकराचं तोंड! ओल्या फडक्यात जंतू रात्रभर वाढतात. रोज साबणाने धुऊन ते कडक उन्हात टाक. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. आणि बाळाची शी निरुपद्रवी, हा समज मनातून काढ. तिच्यातही रोगजंतू असतात. ती अंगणात टाकायची नाही, संडासात टाकायची. मग दोन्ही हात साबणाने, नखांसकट, निदान २० सेकंद चोळायचे.

२००६च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, नवापूरला, कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. देशातली ती पहिलीच नोंद. तेव्हा लोकांनी चिकन खाणंच सोडलं होतं. खरं तर नीट शिजवलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही. काळजी घ्यायची ती कच्चं मांस हाताळताना. ते नळाखाली खळखळून धुऊ नकोस, शिंतोडे थेट कोथिंबिरीवर जातात. सुरी आणि पाट लगेच साबणाने धू.

संडास साफ करताना अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नकोस. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत जीवावर बेततं.

शेजारच्या आजींना टीबी निघाला म्हणून त्यांचं ताट-वाटी वेगळं केलंय म्हणालीस. हे मला मुळीच आवडलं नाही. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही. आजींनी खोकताना तोंडावर पदर धरावा, खिडक्या उघड्या असाव्यात, औषधं एकही दिवस चुकू नयेत आणि घरातल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्यावी, एवढं त्यांच्या सुनेला सांग. म्हातारीला पंगतीतून उठवून रोग कमी होत नाही, तिचं जेवण मात्र कमी होतं.

पावसाळ्यात आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळ. टाकी, बादल्या, कूलर नुसते रिकामे करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. आतून घासूनच काढावी लागतात.

आता बाळाचं. जुलाब चालू आहेत तोवर ओआरएस चमच्या-चमच्याने देत राहा, अंगावरचं दूध बंद करू नकोस. डॉक्टरांनी झिंकच्या गोळ्या दिल्या असतील, तर जुलाब थांबले तरी १४ दिवसांचा कोर्स पूर्ण कर. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शीतून रक्त पडलं किंवा मूल मलूल झालं, तर सकाळची वाट पाहू नकोस, रात्रीच दवाखाना गाठ.

तुझी,
मावशी