भगिनीमंडळ आणि सरासरी गुण

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी मला भेटावयास आली. गांव लातूर जिल्ह्यांतील, घर शेतकऱ्याचें, आणि महाविद्यालयाची पायरी चढलेली घरांतील ती पहिलीच मुलगी. बोलतां बोलतां तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बाई, आमच्या महाविद्यालयांत मुलींचें एक भगिनीमंडळ आहे. सरासरी साडेपांच असल्यावांचून त्यांत घेत नाहींत. माझी चार पूर्णांक आठ आहे. आतां मी कोणाजवळ बसूं?"

तिचा शेवटचा प्रश्न माझ्या मनास फार लागला. निकाल तिनें घरीं सांगितला नव्हता. सांगितला तर शिक्षण थांबेल व लग्नाची बोलणीं सुरू होतील, अशी तिला धास्ती होती. तिला मीं जें उत्तर दिलें, तेंच येथें थोड्या विस्तारानें लिहीत आहें; कारण दहावीनंतर नांदेडास किंवा लातुरास जाणाऱ्या तुम्हां मुलींपैकीं पुष्कळींवर असा प्रसंग येण्याचा संभव आहे.

प्रथम भगिनीमंडळ ही वस्तु काय आहे तें पाहूं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा मंडळांस ‘सोरोरिटी’ म्हणतात. लॅटिन भाषेंत ‘सोरोर’ म्हणजे बहीण. त्यावरून हा शब्द आला. इंडियाना संस्थानांतील ॲस्बरी विद्यापीठानें १८६७ सालीं स्त्रियांस प्रथम प्रवेश दिला. वर्गांत पुरुष शेंकड्यांनीं, मुली बोटांवर मोजण्याइतक्या. आणि पुरुष विद्यार्थ्यांचीं जीं मंडळें होतीं, त्यांत मुलींस बरोबरीचें स्थान नव्हतें. तेव्हां १८७० सालीं चार मुलींनीं एकत्र येऊन आपलें स्वतःचें ‘कॅपा अल्फा थीटा’ नांवाचें मंडळ स्थापिलें. १८७४ सालीं सिरॅक्यूज येथें आणखी चौघींनीं तसेंच केलें. पुढें १९०८ सालीं वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठांत कृष्णवर्णी विद्यार्थिनींनीं ‘अल्फा कॅपा अल्फा’ हें मंडळ काढिलें. या सर्वांच्या मुळाशीं एकच गोष्ट दिसते, ती ही कीं, परक्या ठिकाणीं एकट्या पडलेल्या मुलींस एकमेकींचा आधार हवा होता.

आपल्या महाराष्ट्रासही ही गोष्ट अपरिचित नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८२ सालीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां श्रीमती कार्पेंटर या बाईंनीं त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें. आणि दोघींचा स्नेह तर आधीं केवळ पत्रांवरच जुळलेला होता. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाईंस पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई समुद्र ओलांडून हजर राहिल्या. या बहिणपणांत गुणपत्रिका कोणी कोणास मागितली नव्हती.

मग गुणांची अट आली कोठून? तिला केवळ निष्ठुरपणा म्हणून चालणार नाहीं. मंडळ म्हणजे सभा, उत्सव, वर्गणी, समित्या आणि रात्रीं लांबणाऱ्या बैठका. जिचा अभ्यास आधींच मागें पडला आहे, तिच्या आठवड्यांतील सहा-आठ तास आणखी काढून घेतले तर तिचें नुकसानच होईल. शिवाय सभासदांची सरासरी घसरली तर मंडळाचें नांव खालीं जातें, ही चिंताही असते. अमेरिकेंत बहुधा चारपैकीं अडीच ते तीन गुणांच्या आसपास ही मर्यादा असते व ती ठिकठिकाणीं वेगवेगळी असते. म्हणून अट वाचतांना मुलीनें असा अर्थ घ्यावा: ‘तूं नालायक आहेस’ असें ती म्हणत नाहीं, ‘तुजजवळ आज वेळ आहे काय?’ एवढेंच ती विचारते. हा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे, व त्याचें उत्तरही प्रामाणिकपणेंच दिलें पाहिजे.

आतां त्या ४.८ ची परीक्षा करूं. मीं तिला गुणपत्रिका काढावयास सांगितली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पद्धतींत सर्वांत वरच्या श्रेणीस १०, केवळ उत्तीर्ण झालेल्यास ४, आणि नापासास शून्य गुण असतो. प्रत्येक विषयाच्या गुणास त्या विषयाच्या श्रेयांकांनीं गुणावयाचें, सर्व गुणाकारांची बेरीज करावयाची, व तीस एकूण श्रेयांकांनीं भागावयाचें. तिच्या सत्रांत वीस श्रेयांक होते. सोळा श्रेयांकांच्या विषयांत तिला सहा गुण होते. म्हणजे ९६ झाले. राहिलेला चार श्रेयांकांचा विषय रसायनशास्त्र. त्यांत ती नापास, म्हणून शून्य. ९६ ला २० नें भागलें कीं ४.८ येतात.

"बाळ, तूं सगळ्या विषयांत कच्ची नाहींस. भिंत उभी आहे, एक वीट निघाली आहे," असें मीं तिला म्हटलें. तोच विषय पुढील परीक्षेंत पांच गुणांनीं सुटला तर वीस वाढतात. ९६ चे ११६ होतात, आणि सरासरी ५.८ होते. मराठी माध्यमांतून आलेल्या या मुलीस इंग्रजींतील रसायनशास्त्राची व्याख्यानें कळत नव्हतीं, आणि विचारावयाची लाज वाटत होती. दुखणें एवढेंच होतें. ज्या शहरांत ‘लातूर पॅटर्न’चा डंका वाजतो आणि नव्वद टक्के मिळविणारी मुलगीही निकालाच्या दिवशीं रडते, तेथें नापास मुलीनें तोंड लपवावें यांत नवल नाहीं. पण लपविल्यानें वीट बसत नाहीं.

येथें प्रत्येक विद्यार्थिनीनें एक हिशेब वहींत मांडून ठेवावा. समजा, सर्व सत्रांचे श्रेयांक सारखे आहेत, आजवरची सरासरी ५ आहे, आणि ती ६ वर न्यावयाची आहे. एकच सत्र झालें असेल तर दुसऱ्यांत ७ मिळविले कीं काम झालें. दोन सत्रें तशींच गेलीं असतील तर तिसऱ्यांत ८ हवेत. तीन गेलीं तर चौथ्यांत ९. चार गेलीं तर पांचव्यांत पूर्ण १०. आणि पांच सत्रें गेल्यावर सहाव्यांत ११ लागतील, जे दहांपैकीं कोणासच मिळत नाहींत. सरासरी ही जड गाडीसारखी आहे. आरंभीं एका हातानें वळते, पुढें दहा बैल लावले तरी वळत नाहीं. म्हणून पहिल्या सत्राचें अपयश हें रडण्याचें नव्हे, तर हालचाल करण्याचें कारण आहे. तसेंच अधिक श्रेयांकांचा विषय आधीं धरावा: चार श्रेयांकांच्या विषयांत एक श्रेणी वाढली तर वीस श्रेयांकांच्या सत्रांत ०.२ वाढते, दोन श्रेयांकांच्या विषयांत तिच्या निम्मीच.

अट पुरी होण्यापूर्वीं मंडळाकडे जावेंच कीं नाहीं? जावें, पण गुण लपवून जाऊं नये. चिटणीस बाईंस सरळ विचारावें कीं, अट चालू सत्राची आहे कीं एकंदर सरासरीची, राहिलेला विषय सुटल्यावर पुन्हां अर्ज घेतां काय, आणि वर्षाच्या मध्यें जागा भरतां काय. अर्जांत अपयशाचें कारण दोन वाक्यांत लिहावें व तिसऱ्या वाक्यांत उपाय लिहावा. कारणांचें पुराण लांबविणाऱ्या अर्जापेक्षां आठवड्याचें अभ्यासाचें वेळापत्रक जोडलेल्या अर्जाचें वजन अधिक असतें. वर्गणी किती व तास किती, हेंही आधींच विचारावें; शेतावरून येणाऱ्या पैशांत ती बसते कीं नाहीं, हा विचार लाजेचा नव्हे. आणि प्रवेशाच्या नांवाखालीं कोणी अपमानास्पद कृत्यें करावयास सांगेल, तर तें बहिणपण नव्हे. महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें रॅगिंग हा गुन्हा ठरविला आहे.

तोंपर्यंत एकटें बसण्याचें कारण नाहीं. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं सुरू झाली. तींत वर्षास १२० तास काम आणि सात दिवसांचें खेड्यांतील शिबिर असतें. तेथें गुणांपेक्षां हात पाहिले जातात. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ पासून आहे. ती शरीर व शिस्त पाहते. वाचनमंडळ, गायन, खेळ, वसतिगृहाची भोजनसमिती, हीं सर्व दारेंच आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें आपला मुलूख हादरला. त्यानंतर जे हात मदतीस धावले, त्यांच्या धन्यांस कोणीही सरासरी विचारली नाहीं. मात्र येथेंही एकच काम पत्करावें. चार ठिकाणीं नांव घालणारी मुलगी पुन्हां त्याच खड्ड्यांत पडते.

आतां दोन शब्द ज्या मुली मंडळांत आधींच आहेत त्यांस. तुम्ही अट ठेवा. पण अटीच्या बाहेर उभ्या असलेल्या मुलीस केवळ ‘नाहीं’ म्हणून परत पाठवूं नका. तुमच्यांतील एकीनें आठवड्यांतून दोन संध्याकाळीं तिच्याजवळ बसून तिला न कळलेला धडा समजावून सांगावा. गुण आल्यावर जवळ करणें हें कोणासही साधतें. जिला गुण नाहींत तिला ते मिळावेत म्हणून जी झटते, तीच बहीण.

माझ्या त्या विद्यार्थिनीनें घरीं जाऊन प्रथम वडिलांस निकाल सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग एवढेंच म्हणाले, "एकच विषय ना? मग सोडव." वरच्या वर्गांतील एका मुलीनें तिला रसायनशास्त्र मराठींत समजावून दिलें. उन्हाळ्यांत विषय सुटला, सरासरी ५.८ झाली. पावसाळ्यांत ती मंडळांत गेली. तिनें पाठविलेल्या पत्रांत त्या आनंदाची एकच ओळ आहे. बाकी सर्व पत्र प्रथम वर्षाच्या दोन मुलींविषयीं आहे. त्यांचा गणिताचा विषय राहिला आहे, आणि रोज संध्याकाळीं त्या तिच्याजवळ बसतात.