फ्यूज गेला म्हणून जाड तार लावू नका

तायांनो, दिवाळी तोंडावर आलीय, दळणाचे डबे रांगेत आहेत आणि नेमकी गिरणी बंद पडते. फ्यूज गेलेला असतो. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, "द्या इकडं, जाडशी तार लावतो, परत जायचाच नाही." फ्यूज जाणार नाही हे खरं. पण मग मोटर जळेल, नाहीतर वायरिंग पेटेल. मोटर कर्जावर घेतलेली असली, तर ती जळाली तरी हप्ता थांबत नाही.

आता कुणी म्हणेल, विजेचं काम बायकांचं नव्हे. त्याला कर्वेनगरला पाठवा. तेच जुनं हिंगणे बुद्रुक, जिथं 1900 साली महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी झोपडी उभारली. त्यांच्याच संस्थेचं मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज 1991 पासून तिथं आहे. आपल्याला पदवी नको, मोटरवरची पाटी वाचता आली तरी पुष्कळ.

पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात. पाच एचपीच्या थ्री-फेज मोटरला साधारण साडेसात. पण बटण दाबताच काही सेकंद ती पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून फ्यूज थोडा मोठा आणि मोटरला चालणारा घ्यावा लागतो, नाहीतर रोज सकाळी उडेल. दळण जास्त कोंबल्यानं मोटर हळूहळू तापते, तिथं स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले कामाला येतो. फ्यूजचं मुख्य काम शॉर्टसर्किटचं.

कारखान्यात असतो तो एचआरसी फ्यूज. चिनीमातीच्या नळीत धातूची पातळ पट्टी, भोवती बारीक वाळू. करंट वाढला की पट्टी वितळते, ठिणगी पेटते, आणि वाळू तिची उष्णता शोषून तिला विझवते. कित्येकांवर "80 केए" छापलेलं असतं, म्हणजे 80 हजार अँपिअरपर्यंतचा शॉर्टसर्किट करंट तो न फुटता तोडतो. उघड्या तारेच्या किटकॅटमध्ये एवढी ताकद कुठून येणार? मात्र एचआरसी एकदा गेला की गेला. वरून तार गुंडाळून तो परत वापरू नका.

थ्री-फेजमध्ये एकच फ्यूज गेला तर मोटर नुसती घुंई करते. लगेच बंद करा, त्या आवाजातच ती जळते. असं होऊ नये म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर मिळतो.

फ्यूज बदलताना आधी मेन स्विच बंद. नवा तेवढ्याच अँपिअरचा. लागोपाठ दोनदा गेला तर तिसरा लावू नका, वायरमनला बोलवा.

आणि फ्यूज माणसाला वाचवत नाही, बरं का. एका अँपिअरच्या छोट्याशा अंशानंही जीव जातो, तेवढ्यानं फ्यूज हलतसुद्धा नाही. त्यासाठी अर्थिंग आणि ईएलसीबी लागतात.

पुढच्या बैठकीला आपापल्या मोटरच्या पाटीचा फोटो काढून आणा, सगळ्या मिळून वाचू.