एका ठिपक्याची शिकवण

गुरुजी शिकवीत असतां ज्याचें चित्त खिडकीबाहेर धांवतें, असा एखादा मुलगा प्रत्येक वर्गांत असतोच. पुष्कळदां त्याच्याविषयींची आशा घरचीं माणसेंही सोडून देतात. अशा सर्वांनीं चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या बालपणाची हकीकत अवश्य ध्यानीं घ्यावी.

रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजीं मंडला जिल्ह्यांतील बाबरिया गांवीं झाला. अमरावती, अकोला व मंडला हे जिल्हे त्या काळीं मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतांत मोडत. वडील जंगलखात्यांत नोकरीस असल्यामुळें नर्मदेकांठचें अरण्य हेंच मुलाचें अंगण झालें. आपल्या मेळघाटांत ज्यानें रात्र काढिली आहे, त्यास तेथील अंधाराची कल्पना येईल. रात्रीं त्या रानाचें मुलास भय वाटे. परंतु गोंडांचीं नृत्यें, सकाळचें ऊन व बाजाराच्या दिवशींचे नाना रंग पाहून तो हरखून जाई.

असें मन धड्यांत कसें रमावें? ककैया येथील शाळेंत नंदलाल झारिया या गुरुजींच्या लक्षांत त्याची चंचलता आली. त्यांनीं योजिलेला उपाय अगदीं साधा होता. भिंतीवर एक ठिपका काढून त्यावर दृष्टि स्थिर करावयास त्यांनीं मुलास सांगितलें.

पुढें दमोह येथें हायस्कूलचें शिक्षण झालें. १९३९ पासून नागपूरच्या व १९४३ पासून मुंबईच्या कलाशाळेंत त्यांनीं अभ्यास केला. १९५० सालीं ते पॅरिसला गेले आणि १९५६ मध्यें तेथील समीक्षकांचें पारितोषिक त्यांस मिळालें. एवढी कीर्ति लाभूनही आपल्या चित्रांत आपला देश कोठें आहे, हा प्रश्न त्यांस छळूं लागला. उत्तर शोधतां शोधतां, वयाच्या साठीच्या सुमारास, त्यांस गुरुजींचा तो ठिपका गवसला. 'बिंदु' या रूपानें तोच त्यांच्या चित्रांचा केंद्र झाला. २०१६ सालीं दिल्लीस त्यांचें निधन झालें. त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथें वडिलांच्या कबरीशेजारीं त्यांचें दफन झालें.

रानानें त्यांस रंग दिले व गुरुजींनीं एकाग्रता दिली; यांपैकीं एकही नसतें तर हा चित्रकार घडला नसता. म्हणून मुलांनीं मन एका ठिकाणीं स्थिर करावयास शिकावें. आणि पालकांनीं मुलास रागें भरण्यापूर्वीं, खिडकीबाहेर तो काय पाहतो, हें एकवार प्रेमानें विचारावें.