महामारीच्या काळात भावी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी काय करावे?

सन २०२० मधील वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा ३ मे रोजी व्हावयाची होती. ती २६ जुलैपर्यंत पुढे ढकलली गेली व अखेर १३ सप्टेंबर रोजी झाली. या दीर्घ प्रतीक्षेत मुलांनी पुस्तकांपलीकडे काय करावे, असे पालक विचारीत असत. वॉर्डात त्यांना प्रवेश नव्हता, आणि तेच योग्य होते. अप्रशिक्षित सेवकाकडून संसर्ग वाढण्याचाच संभव अधिक.

परंतु रुग्णसेवा केवळ खाटेपाशीच घडते असे नाही. महाविद्यालये बंद होताच तेथील रक्तदान शिबिरेही थांबली. थॅलेसेमियाग्रस्त बालकांना मात्र साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावेच लागते. साठविलेले रक्त फार तर ३५ ते ४२ दिवस टिकते; त्यामुळे एकाच दिवशी शंभर दाते येऊन भागत नाही, ते थोडेथोडे पण सातत्याने यावे लागतात. अठरा वर्षे पूर्ण झालेला, किमान ४५ किलो वजनाचा निरोगी विद्यार्थी स्वतः रक्त देऊ शकतो. त्याहून लहानांनी परिचितांची रक्तगटवार यादी करावी, दोन दानांत पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर धरून तारखा मांडाव्यात आणि रक्तपेढीच्या मागणीनुसार दूरध्वनी करावेत. (वाणिज्य शाखेच्या आम्हां मंडळींना ही खतावणीच वाटते!)

एकट्या वृद्धांची दूरध्वनीवरून विचारपूस करणे, हेही असेच काम. औषध संपले का, ताप आहे का, हे विचारून लिहून ठेवावे. सल्ला मात्र डॉक्टरांनीच द्यावा. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने एमबीबीएसच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही दूरध्वनी-सल्ल्याचे काम प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच सोपविण्यास अनुमती दिली होती.