कागदावरचे लिंग आणि रुग्णाचे आरोग्य

पारोळा तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. ते लिहितात, "माझे धाकटे भावंड तृतीयपंथी आहे. आजारी पडले तरी सरकारी दवाखान्यात जायला तयार होत नाही. आधार कार्डावर जुने नाव आहे आणि लिंग 'पुरुष' असे आहे. हे कागद बदलून मिळतात का? आणि त्यासाठी ऑपरेशन करावेच लागते का?"

प्रश्न महत्त्वाचे आहेत. जळगाव-धुळ्याकडच्या अनेक घरांत ते मनात असतात, पण विचारायला संकोच वाटतो. आरोग्याच्या सदरात कागदपत्रांची चर्चा कशाला, असेही काही वाचकांना वाटेल. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कागदाचा आजाराशी संबंध काय?

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर आजाराच्या आधी नाव, वय आणि लिंग विचारतात. साडी नेसलेली व्यक्ती पुरुषाच्या नावाचे कार्ड पुढे करते. खिडकीतून ते नाव मोठ्याने पुकारले जाते. रांगेतले लोक मागे वळून बघतात, कोणी हसते. तेवढ्यानेच कित्येकजण केसपेपर न काढता परत फिरतात. अंगावर काढलेला खोकला मग दोन आठवड्यांचा दोन महिन्यांचा होतो.

माझ्याकडे आलेला एक रुग्ण असाच होता. चार महिने खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेले. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. औषधे मोफत सुरू झाली, पण पोषण आहाराचे पैसे अडले. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये बँक खात्यात देण्याची सोय झाली. या रुग्णाचे मात्र खातेच नव्हते. आधारवरचा फोटो आणि समोरची व्यक्ती जुळत नाही, म्हणून खाते उघडून मिळाले नव्हते. औषध गोळीत होते, पण दूध-अंडी-डाळीचे पैसे कागदात अडकले होते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत यांसारख्या योजनांतही ओळख पटवायला आधार आणि शिधापत्रिका पुढे करावी लागते. घर सोडून गुरूकडे राहायला गेलेल्या व्यक्तीचे नाव गावच्या शिधापत्रिकेवर असते किंवा तिथून कमी केलेले असते. म्हणजे गरज सर्वांत जास्त आणि कागद सर्वांत कमी, अशी स्थिती होते. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात प्रथमच 'इतर' हा पर्याय आला. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. लाजेने किंवा भीतीने दुसराच रकाना भरणारे किती असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा आजार नाही

बाळ जन्मले की बाहेरचे अवयव पाहून मुलगा की मुलगी हे सांगितले जाते. बहुतेकांच्या बाबतीत पुढे आयुष्यभर ते जुळते. काहींच्या बाबतीत मात्र मन सांगते ते लिंग आणि जन्मवेळी लिहिलेले लिंग वेगळे असते. अशा व्यक्तीला पारलिंगी म्हणतात. आपल्याकडे तृतीयपंथी हा शब्द जास्त रुळला आहे. काही बालकांच्या शरीररचनेतच जन्मतः फरक असतो, त्यांना आंतरलिंगी म्हणतात. या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात ही अवस्था मानसिक विकारांच्या यादीतून काढण्यात आली. तेव्हा "मांत्रिकाकडे नेऊ", "लग्न लावले की सुधारेल" किंवा "शॉक देऊन बरे करू" हे उपाय नव्हेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा 'सरळ करण्याच्या' उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. असा उपचार करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

भादलीचे उदाहरण

कागदावरच्या एका शब्दाने काय अडते, याचे ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी असल्याने त्यांना महिलांच्या जागेवर उभे राहता येणार नाही, असे सांगून डिसेंबर २०२० अखेरच्या छाननीत अर्ज बाद करण्यात आला.

त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपले लिंग आपण ओळखण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला होता, त्याचा आधार न्यायालयाने घेतला. अंजली पाटील यांनी आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख स्वीकारली आहे आणि पुढे सोयीसाठी ती बदलणार नाही, ही त्यांची भूमिकाही न्यायालयाने नोंदवली. १५ जानेवारीला मतदान झाले, १८ तारखेला मोजणी झाली आणि त्या निवडून आल्या. भादलीच्या मतदारांना त्यांच्याविषयी शंका नव्हती, अडचण होती ती अर्जावरच्या रकान्याची.

कायदा कसा आला?

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांनी नालसा खटल्याचा निकाल दिला. तृतीयपंथीयांची वेगळी ओळख मान्य करावी आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे चुकीचे व बेकायदा आहे, असे त्यात सांगितले. पुढे तृतीयपंथी व्यक्ती (हक्क संरक्षण) कायदा २०१९ मध्ये झाला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियम आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन अर्जाची सोय सुरू झाली.

त्या नियमांनी घालून दिलेली रीत थोडक्यात अशी:

१) अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. सोबत शपथपत्र, फोटो आणि हाती असलेला ओळखीचा कागद जोडायचा. अठरा वर्षांखालील मुलासाठी आई-वडील किंवा पालकाने अर्ज करायचा.

२) या पहिल्या अर्जासाठी कोणतीही शारीरिक तपासणी ठेवलेली नव्हती. तीस दिवसांच्या आत 'तृतीयपंथी' अशी नोंद असलेला दाखला आणि ओळखपत्र द्यायचे होते.

३) ज्यांनी लिंगबदलाचे वैद्यकीय उपचार घेतले आहेत, त्यांनी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचे किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र जोडून 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशा नोंदीचा सुधारित दाखला मागायचा.

४) दाखला मिळालेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यातील आणि इतर कागदांतील पहिले नाव बदलून घेण्याचा हक्क दिला होता.

५) अर्ज नाकारला तर त्यावर नव्वद दिवसांत अपील करता येत होते.

कायद्यात आणि नियमांत दुरुस्त्या होत असतात. म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी कोणत्या अटी लागू आहेत, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारूनच पुढे जावे. जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी हे कार्यालय आहे. एजंटाला पैसे देऊ नयेत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नये.

पुढचे कागद कोणत्या क्रमाने?

जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला ही पहिली पायरी. नाव बदलायचे असेल तर ते शासनाच्या राजपत्रातही प्रसिद्ध करून घ्यावे, म्हणजे पुढे कोणी शंका काढत नाही. त्यानंतर आधार कार्ड, कारण बँक, शिधापत्रिका आणि दवाखाना सगळे आधारशी ताडून बघतात. आधारवर स्त्री आणि पुरुष यांखेरीज तृतीयपंथी हा पर्याय सुरुवातीपासून आहे. मात्र लिंगाची नोंद वारंवार बदलून मिळत नाही, २०१९ मध्ये ती एकदाच बदलण्याची मर्यादा घातली गेली. म्हणून केंद्रावर बसण्यापूर्वी काय लिहायचे ते नीट ठरवावे आणि पावतीवरचे शुद्धलेखन दोनदा वाचावे.

आधार झाले की बँक पासबुक, पॅन कार्ड, शिधापत्रिका आणि मतदार ओळखपत्र घ्यावे. पॅनच्या अर्जात २०१८ पासून तृतीयपंथी हा रकाना आहे. मतदार यादीत 'इतर' हा पर्याय २००९ पासून आला. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांना वेळ लागतो, पण नोकरीसाठी तेच लागतात, तेव्हा ते काम मागे टाकू नये. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच ठेवावे. जुन्या कागदांच्या झेरॉक्स फेकू नयेत, जुने आणि नवे नाव एकाच व्यक्तीचे हे सिद्ध करायला त्या लागतात.

कागदासाठी जीव धोक्यात घालू नका

आता पत्रातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. २०२० च्या नियमांनी पहिल्या दाखल्यासाठी ऑपरेशनची अट ठेवली नव्हती. ऑपरेशन हा स्वतंत्र, विचारपूर्वक घ्यायचा वैद्यकीय निर्णय आहे. नुसता कागद मिळावा म्हणून ते करून घेऊ नये आणि अडाणी हातांनी तर कधीच करून घेऊ नये. त्यात अतिरक्तस्रावाने आणि धनुर्वाताने जीव जाऊ शकतो. वाचलेल्यांना लघवीचा मार्ग आकसून जन्मभर त्रास होतो.

दुसरी सवय गोळ्यांची. दुकानातून संततिनियमनाच्या गोळ्या आणून दुप्पट-तिप्पट घेणारे रुग्ण मी पाहतो. त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो आणखी जास्त. एका पायाला सूज आणि दुखणे किंवा एकदम दम लागणे, असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पुरुषी हार्मोनची इंजेक्शने मनाने घेतल्यास रक्त दाट होते. हार्मोन घ्यायचेच असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्तदाब, रक्त आणि यकृताच्या तपासण्या करूनच घ्यावेत.

डॉक्टरला काय सांगावे?

कागद बदलला म्हणून शरीरातले अवयव बदलत नाहीत. कार्डावर 'स्त्री' असलेल्या पारलिंगी व्यक्तीला प्रोस्टेट ग्रंथी असते, तिचा त्रास पुढे होऊ शकतो. कार्डावर 'पुरुष' असलेल्याला गर्भाशय असू शकते, त्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी टाळू नये. लॅबचे आकडेही लिंगाप्रमाणे वाचले जातात. हिमोग्लोबिन साडेबारा असेल तर पुरुषात ते कमी धरतात आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत पुरेसे धरतात. म्हणून तपासणीच्या खोलीत, दार बंद करून, चार गोष्टी डॉक्टरांना स्पष्ट सांगाव्यात: जन्मवेळचे लिंग, आताची ओळख, घेत असलेली औषधे आणि झालेली ऑपरेशने. ही माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि केसपेपर लिहिणाऱ्यांनाही एक विनंती. रुग्ण जे नाव सांगेल त्या नावाने हाक मारावी आणि कागदावरचे नाव पुकारण्याऐवजी नंबर पुकारावा. याला एक पैसाही खर्च येत नाही आणि रुग्ण पुढच्या तारखेला परत येतो.

घरच्यांसाठी

पत्र लिहिणाऱ्या बंधूंना सांगावेसे वाटते की तुम्ही अर्धे काम केले आहे. अशा व्यक्तींत उदासीनता आणि जीव नकोसा होण्याचे विचार जास्त आढळतात, आणि त्याचे मोठे कारण घरातून तुटणे हे आहे. भावंड गप्प राहू लागले, झोप-जेवण सुटले, तर थांबू नका. मानसिक आधारासाठी टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

येत्या आठवड्यात एक दिवस काढा. भावंडाला सोबत घेऊन समाजकल्याण कार्यालयात जा. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. पण खोकला किंवा ताप असेल तर कागदाची वाट बघू नका, आधी दवाखान्यात जा. कागदावरचे नाव जुळत नाही म्हणून आजारी माणसाला कोणीही परत पाठवू नये. तशी वेळ आलीच, तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटून लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. सख्खा भाऊ शेजारी उभा असला की केसपेपरच्या खिडकीवर कोणी सहसा हसत नाही.