अकरा धागे, बारा आकार : जिवाणूच्या शेपटीचं गणित



"सर, हे गणित पुढे कुठे वापरायचं?" असं मुलं विचारतात आणि आपण बाजारहाट, व्याज सांगून मोकळे होतो. पुढच्या वेळी जिवाणूची शेपटी सांगून बघा.

ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे जिवाणू कशाभिकांच्या साहाय्याने पोहतात. कशाभिका म्हणजे मळसूत्रासारखा वळलेला तंतू. जाडी सुमारे 20 नॅनोमीटर, लांबी साधारण 10 मायक्रोमीटर. बुडाशी असलेली इवलीशी मोटर त्याला गरगर फिरवते. सरळ काडी जागच्या जागी फिरवली तर काहीच पुढे ढकललं जात नाही. मळसूत्र मात्र ढकलतं. म्हणजे आकार चुकला की पोहणं थांबलं!

आता गंमत बघा. हा तंतू फ्लॅजेलिन नावाच्या एकाच प्रथिनाच्या हजारो रेणूंचा बनतो. सगळ्या विटा सारख्या असतील तर मनोरा सरळच व्हायला हवा. मग हा वळतो कसा?

तंतू म्हणजे 11 धाग्यांची पोकळ नळी. जपानचे शो असाकुरा आणि केंब्रिजचे अभियंते ख्रिस कॅलडाइन यांनी 1970 च्या दशकात मांडलेलं उत्तर साधं आहे. प्रत्येक धागा दोनच अवस्थांत राहतो: किंचित लांब किंवा किंचित आखूड. आखूड धागे एका बाजूला आले की नळी तिकडे वाकते. धाग्यांना पीळही असतो, म्हणून वाकलेल्या नळीचं मळसूत्र होतं.

आता फळ्यावर या. 11 धागे, प्रत्येकाला 2 पर्याय, तर रचना किती? 2 चा 11 वा घात, म्हणजे 2048. पण सारखे धागे एकमेकांना चिकटून एका गटात राहतात असं धरलं, तर आखूड धागे किती एवढंच मोजायचं. 0 ते 11, म्हणजे फक्त 12 आकार! 0 आणि 11 ला सगळे धागे सारखे, म्हणून नळी सरळ. उरलेले 10 मळसूत्री. यातले बरेच आकार सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसले आहेत. पुढे क्ष-किरणांनी मोजल्यावर धाग्यातल्या शेजारच्या रेणूंमधलं अंतर एका अवस्थेत 5.27, तर दुसरीत 5.19 नॅनोमीटर भरलं. एवढ्याशा फरकावर सगळा आकार उभा आहे.

वर्गात करून बघा: सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी थोडी ताणून पातळ पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवा. सुकल्यावर सोडा. कुठल्या बाजूला वाकेल, ते मुलांकडून आधी वदवून घ्या.

आधी साधा अंदाज, मग मोजणी, मग निसर्गाशी पडताळणी. गणिती प्रतिमान म्हणतात ते हेच. मुलांना ते अकरा धाग्यांत समजतं.